वजन कमी करण्याचं ऑपरेशन आणि आतड्यातले जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात ऑपरेशन झालेले, पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जाऊन करून आलेले आणि अजून ‘करू की नको’ यातच अडकलेले, असे सगळे आहार विचारायला येतात. बोलणं भाकरीवरून सुरू होतं आणि हल्ली हमखास ‘पोटातल्या बॅक्टेरिया’वर येऊन थांबतं, कारण मोबाइलवर कुणीतरी काहीतरी पाठवलेलं असतं. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मी आहारतज्ज्ञ आहे, सर्जन नाही. गोळ्या-इंजेक्शनांचं शेवटी तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

पोट कापून लहान केलं, एवढंच ना? त्यात जंतूंचा काय संबंध?

संबंध असा की, पोट फक्त लहान होत नाही. खाल्लेलं अन्न कोणत्या वाटेने जातं, त्यात आम्ल किती मिसळतं, पित्तरस कुठे येऊन मिळतो, हे सगळं एका दिवसात बदलतं. आतड्यातले जिवाणू याच गोष्टींवर जगतात. त्यांच्या राहण्याची जागाच बदलली की कुणी वाढतात, कुणी कमी होतात. शिवाय पहिल्या महिन्यात तुम्ही जेवढं जेवता ते एरवीच्या जेवणाच्या पाव हिश्श्याइतकंही नसतं. उपासमार तुमची होते तशी त्यांचीही होते.

किती असतात हे जिवाणू?

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी, असा २०१६ सालचा अंदाज आहे, आणि त्यातले जवळपास सगळे मोठ्या आतड्यात. सगळ्यांचं मिळून वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास. ‘आपल्या पेशींपेक्षा दहापट जंतू’ हे वाक्य अजून व्हॉट्सॲपवर फिरतं. ते जुनं झालं. दोन्हींची संख्या जवळपास सारखीच निघते.

ते करतात काय?

आपल्याला न पचलेला चोथा ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराला बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळते. व्हिटॅमिन के आणि काही बी व्हिटॅमिनं बनवतात. यकृताने पाठवलेल्या पित्ताम्लांचं रूप बदलतात. आणि गॅस करतात, ज्यावर पुढे सविस्तर येतेच.

जाड माणसाचे जिवाणू वेगळे असतात, म्हणूनच तो जाड होतो, हे खरं का?

अर्धं. २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांचे जिवाणू जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांना दिले, तेव्हा त्यांच्या अंगावर जास्त चरबी चढली. तिथून हा सगळा विषय पेटला. मग ‘फर्मिक्युट्स जास्त आणि बॅक्टेरॉइडीट्स कमी म्हणजे जाडी’ असं सोपं सूत्र निघालं; हे आतड्यातल्या जिवाणूंचे दोन मोठे गट. पुढच्या अभ्यासांत ते सगळीकडे जुळलं नाही. आजही कुणी तुमच्या रिपोर्टमधलं हे गुणोत्तर दाखवून औषध विकत असेल तर उठून या. त्यातल्या त्यात टिकलेलं निरीक्षण एवढंच की, जास्त लठ्ठपणात जिवाणूंच्या जातींची विविधता बऱ्याच जणांत कमी झालेली दिसते.

ऑपरेशननंतर नेमकं काय बदलतं? सोपं करून सांगा, पण अर्धवट नको.

आधी आम्ल. जठरातलं आम्ल तोंडातून येणारे बहुतेक जंतू मारतं. वजनाची नेहमीची ऑपरेशनं दोन: स्लीव्ह आणि बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा). स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. बायपासमध्ये वर जेमतेम ३० मिलीची पिशवी उरते आणि ती थेट खालच्या आतड्याला जोडतात. आम्ल तयार करणाऱ्या पेशी बहुतेक त्या काढलेल्या किंवा बाजूला पडलेल्या भागात असतात. मग तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस, व्हेलोनेला असे रहिवासी जिवंतच खाली पोहोचतात. ऑपरेशन झालेल्यांच्या विष्ठेत ते जास्त सापडतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. दात घासण्याचा आणि आतड्याचा असा थेट संबंध एरवी कुणाला सुचला नसता.

दुसरं, पित्तरस. बायपासमध्ये अन्न एका वाटेने येतं, पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस दुसऱ्या वाटेने, आणि दोघांची भेट बरीच खाली होते. रक्तातली पित्ताम्लं वाढतात. पित्ताम्लं साबणासारखी, काही जिवाणूंना ती मानवत नाहीत, काहींना चालतात. शिवाय जिवाणूंनी रूप बदललेली पित्ताम्लं आतड्याला आणि यकृताला निरोप देतात, आणि त्यातला एक निरोप जीएलपी-१ हे हार्मोन वाढवण्याचा असतो. हेच ते, ज्याच्या नकलेची इंजेक्शनं हल्ली वजनासाठी गाजत आहेत. २०१४ साली उंदरांवर दिसलं की, पित्ताम्लं ओळखणारा एक रिसेप्टर काढून टाकला तर स्लीव्हचा वजनावरचा परिणाम बराचसा ओसरतो. म्हणजे ‘पोट लहान, म्हणून खाणं कमी’ एवढ्यावर सगळं भागत नाही.

तिसरं, प्राणवायू. मोठ्या आतड्याची आतली पोकळी जवळपास प्राणवायूविना असते. बायपासनंतर तिथे थोडा जास्त प्राणवायू पोहोचत असावा असं संशोधक मानतात, कारण ई. कोलायसारखे, प्राणवायू असो-नसो जगणारे जिवाणू वाढलेले दिसतात. २००९ सालच्या एका सुरुवातीच्या अभ्यासात हेच दिसलं होतं. त्यात माणसं होती फक्त नऊ: तीन सडपातळ, तीन लठ्ठ, तीन बायपास झालेली. निकाल पुढे मोठ्या अभ्यासांत टिकला, म्हणून सांगते. नाहीतर नऊ माणसांवरून कुणी काही सांगितलं तर कान बंद ठेवावेत.

आणखी एक नाव कानावर पडेल: अ‍ॅकरमान्सिया. २००४ साली नेदरलँड्समध्ये त्याची प्रथम ओळख पटली. आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर खाऊन जगतो, त्यामुळे तुम्ही उपाशी असलात तरी त्याचं पान वाढलेलंच असतं. ऑपरेशननंतर तो वाढतो, एरवी कमी खाल्ल्यावरही वाढतो.

एकूण विविधता ऑपरेशननंतर सुधारते, पण बहुतेकांत ती सडपातळ माणसाइतकी होत नाही. जाहिरातीत ‘रीसेट’ म्हणतात, तसं काही होत नाही.

स्लीव्ह केली तर जास्त बदल, की बायपास केल्यावर?

बायपासनंतर. स्लीव्हमध्ये अन्नाची वाट तीच राहते, बायपासमध्ये वाटच वळवली जाते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी होणारा मिनी बायपास या बाबतीत बायपासच्याच घरातला. पण यावरून ऑपरेशन निवडायचं नसतं. शुगर किती जुनी, छातीत जळजळ होते का, वजन किती, यावर सर्जन ठरवतात. जिवाणूंसाठी म्हणून बायपास कुणी करत नाही.

बदल किती टिकतो?

पहिल्या तीन महिन्यांतच बरंच काही हललेलं दिसतं. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी ऑपरेशनला साधारण ९ वर्षं झालेल्या बायका तपासल्या, आणि फरक तेव्हाही होता. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. त्या बायकांचे जिवाणू उंदरांना दिल्यावर त्या उंदरांवर चरबी कमी चढली.

मग वजन जिवाणूंमुळेच उतरतं म्हणा की!

इथे जरा थांबा. २०१३ साली बॉस्टनमध्ये झालेला प्रयोग सगळे सांगतात: उंदरांचा बायपास केला, काहींचं नुसतं आतडं कापून परत जोडलं. बायपासवाल्यांचे जिवाणू ज्या जंतुमुक्त उंदरांना दिले त्यांचं वजन उतरलं, दुसऱ्यांचे मिळालेल्यांचं तसं उतरलं नाही. प्रयोग सुरेख आहे. पण उंदीर जन्मापासून जंतुमुक्त पिंजऱ्यात होता. तुम्ही सोलापूरच्या धुळीत वाढलात. तुमच्या आतड्यात आधीच वस्ती आहे आणि ती नव्यांना सहज जागा देत नाही. भूक कमी होणं, हार्मोन बदलणं, कमी खाणं, चव पालटणं, या सगळ्यांत जिवाणू एक भागीदार आहेत. माझ्या मते लहान भागीदार.

दुसऱ्याचे जिवाणू घालून ऑपरेशन टाळता येईल का?

वजनासाठी नाही. २०१२ साली ॲम्स्टरडॅममध्ये सडपातळ माणसांच्या विष्ठेतले जिवाणू काही लठ्ठ पुरुषांना नळीने दिले. इन्सुलिनचा परिणाम काही आठवडे सुधारला, वजन ढिम्म. ही पद्धत खरी कामाची आहे ती अ‍ॅन्टिबायोटिकनंतर पुन्हा पुन्हा होणाऱ्या एका विशिष्ट जुलाबासाठी.

प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू करू का? मेडिकलवाला म्हणाला, चांगली आहे.

चांगली त्याच्यासाठी आहे. ऑपरेशननंतर प्रोबायोटिक देऊन झालेल्या अभ्यासांत कुठे गॅस थोडा कमी झाला, कुठे बी-१२ थोडं सुधारलं. वजन जास्त उतरतं असं खात्रीने दिसलेलं नाही. कॅप्सूलमधले जिवाणू आतड्यात मुक्कामाला राहत नाहीत. बंद केली की थोड्या दिवसांत निघून जातात. महिन्याला तेवढे पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या प्रोटीनवर करा.

घरचं ताक घ्या. विरजण घरचं, ताक पातळ, वरचं लोणी काढलेलं, चिमूटभर जिरेपूड. काही जणांना ऑपरेशननंतर दूध पचत नाही, त्यांनाही बहुधा ताक चालतं. आंबीलही छान, पण आंबवलेलं पीठ शिजवल्यावर त्यातले जिवाणू मरतात. थंड झाल्यावर वरून ताक घातलंत तरच जिवंत काही पोटात जातं.

मॅडम, भाकरी कधी? सासूबाई रोज विचारतात.

हा या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सावकाश सांगते.

पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मऊ घोटलेलं, मग हळूहळू घन. तुमच्या सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असलं तर तेच पाळा. भाकरी साधारण दीड-दोन महिन्यांनी. आणि इथे सोलापूरला एक फायदा आहे. ताजी, जाड, मऊ भाकरी घासात पिठाच्या गोळ्यासारखी होते आणि लहान पिशवीच्या तोंडाशी अडकते. मग छातीत दाटतं, लाळ सुटते, उलटी होते. कडक भाकरी मात्र कुरकुरीत, पापडासारखी पातळ. नीट चावली तर तिचा भुगा होतो. म्हणून मी सुरुवात कडक भाकरीनेच करायला सांगते: पाव भाकरी हाताने चुरायची, वाटीभर पातळ मुगाच्या आमटीत पाच मिनिटं भिजवायची, चमच्याने खायची. पोट भरल्यासारखं वाटताच थांबायचं, ताटात उरलं तरी.

पण आधी प्रोटीन. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतं आणि पोटात जागा वाटीभर. म्हणून आधी अंडं, पनीर, डाळ, मासा, मग भाजी, भाकरी शेवटी. याने जिवाणूंची पंचाईत होते, कारण त्यांचं अन्न म्हणजे चोथा, आणि पहिले महिने ताटात चोथाच नसतो. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम चोथा असतो, मैद्याच्या पावात त्याच्या तुलनेत किरकोळ. म्हणून सहाव्या महिन्यानंतरही जो माणूस पाव-बिस्किटावर आणि प्रोटीन पावडरवर राहतो, त्याने जिवाणूंच्या गोष्टी करू नयेत. भाकरी, सालीसकट मूग, शिजवलेल्या पालेभाज्या हे परत ताटात आणा, हळूहळू. एकदम वाढवलंत तर पोट फुगेल.

शेंगाची चटणी? तिसऱ्या महिन्यानंतर चमचाभर, दह्यात कालवून. शेंगदाण्यात प्रोटीन आहे पण निम्मं तेल आहे. मुठीने खायची गोष्ट ती आता राहिली नाही.

डाळिंब चालतं का? घरचीच बाग आहे.

दाणे चालतात, तीन-चार महिन्यांनी, मूठभर, चावून. बी खुपली तर चोथा टाकून द्या. रस नको. बायपासनंतर गोड रस थेट लहान आतड्यात उतरतो आणि घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब असा प्रकार होतो. डाळिंबातल्या काही घटकांपासून मोठ्या आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाची संयुगं बनवतात, पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. तेव्हा बागेतलं आहे म्हणून आनंदाने खा, औषध म्हणून नको.

गॅसला असा वास येतो की चारचौघांत बसायची लाज वाटते.

हे फार जण दबक्या आवाजात विचारतात. बायपासनंतर काही प्रोटीन आणि चरबी न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जाते. तिथले जिवाणू प्रोटीन कुजवतात आणि गंधकाचे वायू निघतात; सडक्या अंड्याचा वास तोच. तळलेलं कमी करा. प्रोटीन एकदम न घेता दिवसभरात विभागून घ्या. पावडरमध्ये साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल आहे का ते डब्यावर वाचा. ते जिवाणूंना फार आवडतं. पावडर दुधाऐवजी पाण्यात घेऊन आठवडाभर बघा. निम्म्या लोकांचं काम एवढ्यावर होतं. विष्ठा तेलकट, तरंगणारी, फिकट असेल तर मात्र सर्जनना सांगा.

सारखं पोट फुगतं, जुलाब थांबत नाहीत. पुन्हा जंतूच?

असू शकतं. लहान आतड्यात जिवाणू कमी असायला हवेत. आम्ल कमी झालं आणि बाजूला पडलेल्या आतड्यात अन्नाची ये-जा थांबली की ते तिथे माजतात. फुगणं, जुलाब, थकवा, व्हिटॅमिनं खालावणं अशी लक्षणं दिसतात. श्वासातला हायड्रोजन मोजून तपासणी होते, पण बायपासनंतर अन्न लवकर पुढे सरकतं म्हणून ती फसवी निघू शकते. उपचार बहुतेक वेळा रिफॅक्सिमिनसारख्या अ‍ॅन्टिबायोटिकने, डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. ऑपरेशननंतरच्या महिन्यांत वारंवार उलट्या होत असतील तर व्हिटॅमिन बी-१, म्हणजे थायमिन, झपाट्याने संपतं. दुहेरी दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. जवळच्या डॉक्टरांकडे सलाईन लावायला गेलात तर आधी सांगा: ‘माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.’ हे वाक्य कागदावर लिहून पाकिटात ठेवायला मी सगळ्यांना लावते.

आतड्यातले जिवाणू बी-१२ बनवतात म्हणे. मग इंजेक्शन कशाला?

बनवतात, पण मोठ्या आतड्यात. बी-१२ शोषलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे कारखान्याच्या आधीच दुकान संपतं. वर ऑपरेशनमुळे बी-१२ शोषायला लागणारा जठरातला घटक कमी पडतो. शाकाहारी असाल आणि शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर तिन्ही बाजूंनी मार. रोजची गोळी किंवा महिन्याचं इंजेक्शन, जन्मभर. यात सवलत नाही.

मुतखडा होतो, खरं का? आपल्याकडे ऊन असं!

बायपासनंतर धोका वाढतो, हो. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, मग ऑक्झॅलेट (पालक-शेंगदाण्यांसारख्या पदार्थांतलं, खडे बनवणारं द्रव्य) मोकळं राहून रक्तात आणि लघवीत जातं. ऑक्झॅलेट खाणारा एक जिवाणूही आहे, ऑक्झॅलोबॅक्टर. पण त्याच्या भरवशावर राहू नका. पारा ४२-४३ ला जातो तेव्हा पाणीच कामाला येतं. एका दमात ग्लास जात नाही, म्हणून बाटली सोबत ठेवायची आणि घोट-घोट दिवसभर, दोन लिटरच्या पुढे. जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. डॉक्टरांनी कॅल्शियम सायट्रेट दिलं असेल तर कधी घ्यायचं ते विचारा; जेवणाबरोबर घेतलं तर ते ऑक्झॅलेटला आतड्यातच अडवतं. पालक आणि शेंगदाणे बेताने.

अ‍ॅसिडिटीची गोळी जिवाणू बिघडवते, असं वाचलं. बंद करू?

स्वतःहून नको. पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी तोंडातले जिवाणू आतड्यात वाढतात, हे खरं. पण बायपासनंतर पहिले काही महिने ती, पिशवी आणि आतडं जिथे जोडलं त्या जोडावर अल्सर होऊ नये म्हणून देतात. तो अल्सर फुटला तर जिवाणूंची चर्चा करायला वेळ उरणार नाही. मात्र मुदत संपल्यावरही सवयीने वर्षानुवर्षं चालू असेल तर डॉक्टरांना विचारून थांबवा. सहा महिने दिलेल्या उर्सोडिऑक्सीकोलिक आम्लाच्या गोळीचंही तसंच, मनाने सोडू नका. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून ती असते. गंमत म्हणजे हे पित्ताम्ल थोड्या प्रमाणात आतड्यातले जिवाणू स्वतःच बनवतात.

सर्दी-तापाला मेडिकलमधून अ‍ॅन्टिबायोटिक आणलं तर?

आणू नका. बहुतेक सर्दी-ताप विषाणूंचे असतात, त्याला ते लागू पडत नाही, आणि आतड्यातली वस्ती विनाकारण झोडपली जाते. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नको, त्याने अल्सर होतो.

एकादशीचा उपवास? आषाढी तर सोडवत नाही.

पहिले सहा महिने विठोबाला समजावून सांगा. त्यानंतर एक दिवस कमी खाल्ल्याने जिवाणूंचं काही बिघडत नाही; बिघडतं ते साबुदाण्याच्या खिचडीने. नुसता स्टार्च, चिकट, प्रोटीन नावाला. दही, ताक, पनीर, राजगिऱ्याची पातळ खीर साखर न घालता, असं करा. पायी वारीला जायचं तर पाणी, व्हिटॅमिनं आणि भाजलेल्या डाळीची पुडी बरोबर. निर्जळी कधीच नाही.

विष्ठेची मायक्रोबायोम तपासणी करून घेऊ का? बरेच हजार सांगतात.

नको. दोन लॅबकडे एकाच नमुन्याचे दोन निकाल येऊ शकतात, आणि रिपोर्ट आल्यावर उपचारात बदलायचं काय, हे त्यात नसतं. त्या पैशांत बी-१२, व्हिटॅमिन डी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन आणि हिमोग्लोबिन तपासा. ते आकडे बघून काहीतरी करता येतं.

दोन वर्षांनी वजन परत चढायला लागलं. माझे जिवाणू पूर्वीसारखे झाले असतील का?

थोडं वजन परत येणं बहुतेकांना होतं. त्याचा सगळा दोष जिवाणूंवर ढकलण्याआधी चार दिवसांचं खाणं वहीत लिहून आणा: चहा किती वेळा, साखर किती, दुकानात बसल्या बसल्या काय तोंडात गेलं, गड्ड्याच्या जत्रेत काय खाल्लं, टीव्हीसमोर फरसाण किती. लिहिताना लपवू नका, मी ओरडत नाही. ती वही आणि शेवटचे रक्ताचे रिपोर्ट घेऊन या, मग सर्जनकडे पुन्हा जायची गरज आहे का ते बघू.